सुभाषित पुन्हा पात्राच्या तोंडी: 'शाकुंतल' वाचताना

तुमच्या नाट्यमंडळाने कालिदासाचे 'अभिज्ञानशाकुंतल' मराठी रूपांतरातून अभिवाचनासाठी निवडले असून, तालमी सुरू झाल्यावर तीन अडचणी पुढे आल्याचे तुम्ही कळवले आहे. पहिली अशी की सगळीच पात्रे सुविचार सांगितल्यासारखी बोलतात, त्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. दुसरी, आश्रमात शकुंतलेशी गुपचूप विवाह करून पुढे तिला विसरलेल्या दुष्यंत राजाला दुर्वास ऋषीच्या शापामुळे निर्दोष धरायचे की शाप ही कवीने केलेली सारवासारव मानायची, यावर तुमच्या गटात एकमत होत नाही. तिसरी, चौथ्या अंकात वेलीला मिठी मारून रडणारी शकुंतला पाचव्या अंकात भर राजसभेत राजाला 'अनार्य' म्हणते, तेव्हा ही एकच मुलगी आहे असे ऐकणाऱ्याला कसे वाटावे. मी बरीच वर्षे संस्कृत शिकवले आणि हे नाटक विद्यार्थ्यांकडून चार वेळा वाचून घेतले. त्यांपैकी पहिल्या दोन वेळा माझीही वाट नेमकी याच तीन ठिकाणी चुकली होती, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

माझ्या मते तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. 'शाकुंतला'तील निदान दहा-पंधरा ओळी आपण नाटक वाचण्याच्या कितीतरी आधी सुभाषित म्हणून ऐकलेल्या असतात. त्या लग्नपत्रिकेत, भाषणात आणि शाळेच्या फळ्यावर भेटलेल्या असतात. नाटक वाचताना त्या ओळी आल्या की आपण आपोआप थांबतो, आवाज गंभीर करतो आणि त्या जगाला उद्देशून म्हणतो. कालिदासाने मात्र त्यांतली एकही ओळ जगाला उद्देशून लिहिलेली नाही. ती विशिष्ट माणसाने, विशिष्ट अडचणीत, विशिष्ट माणसाला किंवा स्वतःलाच ऐकवलेली आहे. म्हणून कोणतीही ओळ समजून घ्यायची तर ती कोण म्हणतो, कोणाला म्हणतो, तेव्हा त्याला काय ठाऊक आहे आणि त्याला ठाऊक नसलेले प्रेक्षकांना काय ठाऊक आहे, हे चार प्रश्न आधी विचारावेत. शब्दार्थाकडे त्यानंतर वळावे.

पहिल्या अंकातले उदाहरण घेऊ. 'सतां हि सन्देहपदेषु वस्तुषु प्रमाणमन्तःकरणप्रवृत्तयः', म्हणजे संशयाच्या जागी सज्जनांच्या अंतःकरणाचा कल हेच प्रमाण, ही ओळ सदसद्विवेकबुद्धीचा गौरव म्हणून नेहमी सांगितली जाते. आता ती नाटकात परत ठेवा. शिकारीला आलेला राजा झाडाआड लपून तीन मुलींना पाणी घालताना पाहतो आहे. त्यांतली एक त्याला आवडली आहे. ती ऋषिकन्या असेल तर क्षत्रियाला तिच्याशी विवाह करता येणार नाही, ही त्याची अडचण आहे. त्यावर त्याने काढलेला तोडगा असा, की ज्या अर्थी माझे आर्य मन हिच्याकडे ओढ घेते आहे, त्या अर्थी ही क्षत्रियाला योग्य असणारच! हे प्रेमात पडलेल्या माणसाचे स्वतःच्या सोयीचे तर्कशास्त्र आहे, आणि ते त्यालाही पुरते पटलेले नाही, कारण लगेचच तो म्हणतो, 'तथापि तत्त्वत एवैनामुपलप्स्ये', तरीसुद्धा हिची खरी माहिती काढतोच. ओळीत लपलेले हसू वाचकाच्या आवाजात आले पाहिजे. दुसऱ्या अंकात तर राजा स्वतःच स्वतःवर हसतो: 'अहो, कामी स्वतां पश्यति', प्रेमात पडलेल्याला सगळीकडे आपल्याच मतलबाचे दिसते.

परंतु या ओळीचे खरे काम पाचव्या अंकाच्या शेवटी सुरू होते. शकुंतलेला नाकारून झाले आहे, ती गेली आहे, आणि राजा स्वतःशी म्हणतो: 'बलवत्तु दूयमानं प्रत्याययतीव मां हृदयम्'. या मुनिकन्येशी विवाह केल्याचे मला आठवत नाही, पण माझे जोराने कळवळणारे हृदय जणू मला ते खरे असल्याची खात्री पटवते आहे. पहिल्या अंकात ज्याने अंतःकरणाला प्रमाण मानले, त्याच्याच अंतःकरणाने इथे साक्ष दिली, आणि या वेळी मात्र त्याने ती मानली नाही. आठवण शापाने नेली होती. हृदयाची साक्ष शापाने नेलेली नव्हती. दुष्यंत दोषी की निर्दोष, हा तुमचा वाद याच ठिकाणी मिटवता येईल असे नाही, पण तो इथून सुरू करावा, असे मला वाटते.

त्या वादाविषयी. महाभारताच्या आदिपर्वातील मूळ कथेत शापही नाही आणि अंगठीही नाही. तिथला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो आणि लोकापवादाच्या भीतीने ओळख नाकारतो. शेवटी आकाशवाणी होते, तेव्हा तिला स्वीकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप घातल्यामुळे राजाची उघड अप्रामाणिकता गेली हे खरे आहे. एवढ्यावर थांबणाऱ्यांना शाप ही सारवासारव वाटते. पण कालिदासाने शाप घालताना राजाच्या स्वभावातले काय काय तसेच शिल्लक ठेवले आहे, ते पाहा.

पहिल्या अंकात दुष्यंत आश्रमकन्यांना आपण राजाने धर्मकार्याच्या देखरेखीसाठी नेमलेला अधिकारी आहोत, असे सांगतो. शकुंतलेकडे झाडांना पाणी घालण्याची उसनी पाळी बाकी आहे असे तिची सखी प्रियंवदा म्हणते, तेव्हा ते ऋण फेडायला तो बोटातली अंगठी काढून देतो. तिच्यावरचे राजाचे नाव वाचून सख्या एकमेकींकडे पाहतात, तेव्हा ही राजाकडून मिळालेली भेट आहे, अशी मखलाशी करतो. पुढे जी नाममुद्रा ओळख पटवण्याचे साधन होणार आहे, तिचा नाटकातला प्रवेशच असा ओळख लपवण्यासाठी होतो. प्रियंवदा ती परत करताना म्हणते की मग या अंगठीने बोटापासून दूर होणे योग्य नव्हे. पहिल्या अंकात हे वाक्य थट्टेचे आहे. नाटक एकदा पूर्ण वाचून पुन्हा पहिल्या अंकावर आलेल्या माणसाला ते थट्टेचे वाटत नाही.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी राजा आपल्या गमत्या मित्राला, विदूषकाला, राजधानीला परत पाठवतो, आणि हा बडबड्या आपले मनोगत अंतःपुरात सांगेल या भीतीने त्याला म्हणतो: 'परिहासविजल्पितं सखे परमार्थेन न गृह्यतां वचः', मित्रा, थट्टेत बोललो होतो, खरे धरू नकोस. हे खोटे शापाच्या आधीचे आहे आणि पूर्ण शुद्धीवर बोललेले आहे. सहाव्या अंकात अंगठी सापडून राजाला सगळे आठवते, तेव्हा तो विदूषकाला विचारतो की मला नाही आठवले, पण तूही कसा कधी तिचे नाव काढले नाहीस. त्यावर विदूषकाचे उत्तर असे, की मी विसरलो नव्हतो, पण तुम्हीच शेवटी ती सगळी थट्टा म्हणालात आणि मातीच्या गोळ्यासारख्या बुद्धीच्या मी ते तसेच धरले. विदूषकाचे काम करणारे नट हे वाक्य हशा मिळवण्यासाठी म्हणतात. माझी विनंती आहे की ते अगदी साधेपणाने म्हणा. राजाला शापाने जे विसरायला लावले, तेच आठवून देऊ शकणाऱ्या एकमेव माणसाला राजाने स्वतः गप्प केले होते, हे त्या वाक्यात आहे.

पाचव्या अंकाची सुरुवात तर या दृष्टीने सगळ्या नाटकाची किल्ली आहे. पडद्याआडून राजाची एक राणी हंसपदिका गाते:

'अहिणवमहुलोलुवो तुमं तह परिचुंबिअ चूअमंजरिं ।
कमलवसइमेत्तणिव्वुदो महुअर विम्हरिओ सि णं कहं ॥'

नव्या मधाची हाव असलेल्या भुंग्या, आंब्याच्या मोहोराचे तसे चुंबन घेतलेस आणि आता कमळात राहायला मिळाले एवढ्यावरच खूश होऊन तिला विसरलास कसा? राजा विदूषकाला याचा अर्थ समजावतो: हिच्यावर मी एकदाच प्रेम केले, 'सकृत्कृतप्रणय', म्हणून राणी वसुमतीवरून ती मला टोमणा मारते आहे. शकुंतला दारात येऊन उभी राहण्याच्या काही क्षण आधी आपल्याला कळते, की हा माणूस बायकांना विसरतो, आणि त्यासाठी त्याला कोणत्याही ऋषीचा शाप लागत नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनी शाकुंतलावरील निबंधात हंसपदिकेच्या गीताकडे याच अर्थाने लक्ष वेधले आहे. माझे मत त्याला धरूनच आहे: शापाने दुष्यंताला बदललेले नाही, त्याची सवय फक्त टोकाला नेली आहे. रंगमंचाच्या दृष्टीने या प्रसंगाचा आणखी एक हिशेब आहे, आणि तो मला फार आवडतो. हंसपदिकेची समजूत काढायला राजा विदूषकाला पाठवून देतो. म्हणजे शकुंतलेची गोष्ट ऐकलेला राजाकडचा माणूस ती येण्याआधीच रंगमंचावरून नाहीसा होतो.

त्या गाण्यानंतरच राजा 'रम्याणि वीक्ष्य मधुरांश्च निशम्य शब्दान्' हा श्लोक म्हणतो. रम्य गोष्टी पाहून, गोड शब्द ऐकून सुखात असलेला जीवही हुरहुरतो, तेव्हा त्याला नकळत, 'अबोधपूर्वम्', जन्मांतरीची स्नेहबंधने आठवत असावीत. सौंदर्यशास्त्राच्या वर्गात या श्लोकावर तासन्‌तास बोलता येते आणि मीही बोललो आहे. अभिवाचनात मात्र तो एका अस्वस्थ माणसाचा चुकलेला निदानप्रयत्न आहे. त्याला जन्मांतर आठवत नाहीये, याच जन्मातले काही महिन्यांपूर्वीचे आठवू पाहते आहे. प्रेक्षकांना ते माहीत आहे, त्याला नाही. नटाने हा श्लोक शेवटपर्यंत आत्मविश्वासाने म्हटला तर तो व्याख्यान होतो, आणि मध्येच कुठेतरी धागा हातातून सुटल्यासारखा म्हटला तर नाटक होते. गाण्याने स्मृती चाळवणे किंवा हरवणे हा खेळ कालिदासाने प्रस्तावनेतच मांडून ठेवला आहे: नटीचे गाणे ऐकून सूत्रधार कोणते नाटक करायचे हेच विसरतो, आणि हरणाने दुष्यंताला ओढून न्यावे तसे तुझ्या गीताने मला नेले, असे म्हणतो. वेळ वाचवण्यासाठी प्रस्तावना गाळण्याचा मोह होतो, गाळू नका.

आता चौथा अंक. इथे कोणाला काय ठाऊक आहे याचा तक्ता प्रत्येक वाचकाने स्वतःच्या हाताने करावा, असे मी सांगतो. ज्याच्या विचारात तू गुंग आहेस तो तुला विसरेल, हा दुर्वासाचा शाप पडद्याआडून येतो. तो अनसूया आणि प्रियंवदा या दोघींनीच ऐकला. शकुंतला जवळच असून तिच्या कानी तो पडला नाही. अनसूयेने प्रियंवदेला ऋषींच्या मागे धाडले, तिने ओळखीचा दागिना दाखवताच शाप सरेल असा उःशाप मिळवला, आणि दोघींनी ही गोष्ट आपल्यातच ठेवायचे ठरवले. त्या वेळी प्रियंवदा म्हणते, नवमालिकेवर कढत पाणी कोण ओतेल? शकुंतलेला वाढवणाऱ्या कण्व ऋषींना हे माहीत नाही, आश्रमातल्या वृद्ध गौतमीला नाही, सोबत जाणाऱ्या शिष्यांना नाही. म्हणजे निरोपाच्या त्या सगळ्या प्रसिद्ध प्रसंगात दोन मुली एक भयंकर गुपित पोटात घेऊन फुले गुंफत आहेत, दागिने घालत आहेत. निरोप घेताना त्या शकुंतलेला सांगतात, की राजाला ओळख पटायला वेळ लागला तर ही अंगठी दाखव. ती म्हणते, तुमच्या या शंकेने माझा थरकाप झाला. आणि त्यांचे उत्तर येते: 'अतिस्नेहः पापशङ्की', फार प्रेम असले की वाईट शंका येतात, घाबरू नकोस.

ही ओळही आज सुभाषित आहे. पण इथे ती एक थाप आहे. त्यांची शंका अतिस्नेहातून आलेली नाही, त्यांनी स्वतःच्या कानांनी शाप ऐकला आहे. माझ्या पहिल्या प्रयोगात दोन्ही मुलींनी ही ओळ छान गोड हसून म्हटली आणि ती वाहून गेली. दुसऱ्या खेपेला अनसूयेचे काम करणाऱ्या मुलीने वाचन थांबवून विचारले, की सर, आम्ही इथे खोटे बोलतो आहोत ना? त्या एका प्रश्नाने आमचा सगळा चौथा अंक बदलला. प्रियंवदा लगेच सावरून बोलते आणि अनसूयेला क्षणभर उशीर होतो, एवढाच फरक आम्ही केला. या दोघींना एकसारख्या सख्या समजू नका. प्रियंवदा चटकन आणि खोडकर बोलते. अनसूया व्यवहाराचे विचारते. राजांना पुष्कळ राण्या असतात असे ऐकतो, तेव्हा आमच्या सखीचे काय, हे तिसऱ्या अंकात राजाला तोंडावर विचारणारी अनसूयाच आहे.

कण्वांचा 'शुश्रूषस्व गुरून्' हा उपदेश लग्नपत्रिकांनी अगदी झिजवून टाकला आहे. थोरांची सेवा कर, सवतींशी मैत्रिणीसारखी वाग, नवऱ्याने अपमान केला तरी रागाने उलट वागू नकोस. पण त्याच्या मागेपुढे काय आहे? आधी कण्व म्हणतात, आम्ही वनवासी असलो तरी लोकव्यवहार जाणतो; आणि उपदेश संपताच विचारतात, 'कथं वा गौतमी मन्यते', गौतमीला काय वाटते? संसार न केलेला एक वृद्ध तपस्वी मुलीला सासरी कसे वागावे हे सांगतो आहे, आपल्याला हे नीट सांगता येते आहे ना अशी त्याला धाकधूक आहे, आणि म्हणून तो शेजारच्या वृद्ध बाईकडे पाहतो. ते एक वाक्य गाळले की कण्व धर्मशास्त्राचे पुस्तक होतात. ठेवले की बाप होतात. हेच 'यास्यत्यद्य शकुन्तलेति' या श्लोकाचे. त्यात तो चक्क आपल्या अवस्थेवर आश्चर्य करतो: मी रानातला माणूस, माझी ही गत, तर संसारी लोकांना मुलीचा पहिला वियोग किती जाळत असेल! आणि अंकाच्या शेवटी मुलगी दिसेनाशी झाल्यावर तो म्हणतो, 'अर्थो हि कन्या परकीय एव', मुलगी हे परक्याचेच धन, ठेव परत केल्यासारखे मन मोकळे झाले. मुलगी म्हणजे परक्याचे धन, हे आपल्याकडे वाक्प्रचारासारखे बोलले जाते. इथे तो सिद्धांत नाही, रडू आवरण्यासाठी माणसाने स्वतःला दिलेली समजूत आहे. आणि त्याला ठाऊक नसलेले प्रेक्षकांना ठाऊक आहे, की ज्याची ठेव त्याला परत पाठवली, तो ती ओळखणारही नाही.

शकुंतलेचा आवाज कसा बदलतो, या तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्या संबोधनांत आहे. पाचव्या अंकात ती बोलायला सुरुवात करते ती 'आर्यपुत्र' अशी, पत्नीने पतीला हाक मारावी तशी. अर्ध्यातच थांबते आणि म्हणते, विवाहाचाच संशय आहे, तेव्हा हे संबोधन आता योग्य नव्हे; 'पौरव'. म्हणजे पुरुवंशाच्या राजा. या एका शब्दात तिने स्वतः होऊन दोघांमधले अंतर मोजून सांगितले आहे. त्यानंतर ती अंगठी दाखवू पाहते, पण अंगठी वाटेत हरवलेली असते. आठवण देऊ पाहते, ती त्याला लागत नाही. आणि तेव्हा राजा तो कुप्रसिद्ध श्लोक म्हणतो, 'स्त्रीणामशिक्षितपटुत्वममानुषीषु'. माणसाखेरीजच्या जातींतही माद्यांना न शिकवता चतुराई असते, मग बुद्धी असलेल्या बायकांचे काय सांगावे. कोकिळा आकाशात उडण्याइतकी होईपर्यंत आपली पिल्ले दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेतात.

बायकांवरचा टोमणा म्हणून हा श्लोक चघळला जातो. पण पहिल्या अंकात याच राजाने शकुंतला मेनका या अप्सरेची मुलगी आहे हे ऐकून म्हटले होते, 'मानुषीषु कथं वा स्यादस्य रूपस्य सम्भवः', माणसाच्या पोटी असे रूप कसे जन्मेल? तेव्हा 'मानुषी' नसणे हा तिचा गौरव होता. आता 'अमानुषी' हा शब्द शिवीच्या कडेला आला आहे. आकाशातून आलेल्या आईने टाकलेली आणि दुसऱ्याने वाढवलेली मुलगी समोर उभी आहे, ही तिचीच जन्मकथा आहे, आणि तो ती न ओळखता तिच्या तोंडावर फेकतो आहे. संस्कृतात 'द्विज' म्हणजे पक्षीही आणि ब्राह्मणही, त्यामुळे 'अन्यैर्द्विजैः' वाढवलेली या शब्दांत कण्वही ओढले जातात. एवढे ऐकल्यावर तिच्या तोंडून 'अनार्य' निघाले नाही तरच नवल. आपल्याच मनावरून दुसऱ्याचे मन ओळखतोस, गवताने झाकलेल्या विहिरीसारखा तू धर्माचा अंगरखा घालून उभा आहेस, असे ती सुनावते. आर्यपुत्र, पौरव, अनार्य: या तीन पायऱ्या नटीने मोजून चढल्या तर चौथ्या अंकातली हळवी मुलगी आणि ही तेजस्वी स्त्री वेगळ्या वाटत नाहीत. फार काळ विश्वास ठेवलेल्या माणसाचा राग असाच पायरीपायरीने चढतो.

तिच्या सोबतचे दोन शिष्य मी इथे ओझरते घेतो. शार्ङ्गरव तापट आहे, शारद्वत थंड; राजधानीत पाऊल ठेवताच स्नान केलेल्या माणसाला तेल चोपडलेला माणूस वाटावा, तशी शारद्वताला तिथली सुखात बुडालेली माणसे वाटतात. दोघांचे आवाज वेगळे ठेवले की पुरते. एक गोष्ट मात्र चुकवू नका. 'अतः परीक्ष्य कर्तव्यं विशेषात् संगतं रहः', गुपचूप जुळवलेले नाते नीट पारखून करावे, हे शार्ङ्गरवाचे शहाणपण रडणाऱ्या, गरोदर, टाकलेल्या मुलीला उद्देशून आहे. सुभाषित म्हणून ते बरोबर आहे. त्या क्षणी ते ऐकवणे किती निर्दय आहे, हे सभागृहाला जाणवले पाहिजे.

सगळ्यांचा आवाज एकच वाटतो, याचे आणखी एक कारण रूपांतरात आहे. मूळ नाटकात राजा, कण्व आणि शिष्य संस्कृत बोलतात. स्त्रिया आणि विदूषक प्राकृत बोलतात. हरवलेली अंगठी माशाच्या पोटात सापडलेला सहाव्या अंकातला कोळी आणि त्याला पकडणारे शिपाई मागधी ही वेगळी प्राकृत बोलतात. आणि स्त्रियांची पद्ये महाराष्ट्री प्राकृतात आहेत, म्हणजे आपल्या मराठीच्या जवळच्या पूर्वजात. छापील आवृत्त्यांत प्राकृताखाली संस्कृत छाया, म्हणजे शब्दशः संस्कृत रूपांतर, दिलेली असते, आपण तीच वाचतो आणि सगळे एकाच भाषेत बोलू लागतात. शकुंतलेने तिसऱ्या अंकात कमळाच्या पानावर नखांनी कोरलेले पत्र 'तुज्झ ण आणे हिअअं' असे सुरू होते. 'तुझे हृदय मी नेणे' असे म्हणून पाहा, ज्ञानेश्वरी वाचलेल्या कानाला ते परके वाटणार नाही. तुमच्या रूपांतरात हे भेद भाषेने आणता येणार नाहीत, पण वाक्याच्या लांबीने येतील: राजाची वाक्ये लांब आणि बांधीव ठेवा, मुलींची तुटक. कोळ्याच्या तोंडी हशा काढण्यासाठी कुठलीही बोली घालू नका. जन्माने आलेले काम निंद्य असले तरी सोडू नये, यज्ञात पशू मारणारा श्रोत्रिय, म्हणजे वेदपाठी ब्राह्मणही दयाळूच असतो, असे तो शिपायांना ऐकवतो. हे त्या नाटकातल्या सर्वांत धारदार वाक्यांपैकी एक आहे, आणि ते मार खाण्याच्या भीतीत उभा असलेला माणूस बोलतो.

नाटकाच्या पाठभेदांविषयीही सावध राहा. बंगाली परंपरेच्या पाठात तिसरा अंक देवनागरी पाठापेक्षा बराच मोठा आहे. गटातल्या दोघांच्या हातात दोन वेगळ्या आवृत्त्या असतील तर अर्धी भांडणे तिथूनच निघतात. आपल्याकडे तर हे नाटक रंगमंचावरच मुरले आहे: अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात रंगले, आणि मराठी संगीत नाटकाची परंपरा तिथून धरली जाते. त्या पदांची गोडी कानात असलेल्या घरांतून येणारी मुले सगळेच गोड म्हणू पाहतात. पाचव्या अंकात ती गोडी बाहेर ठेवायला सांगा.

सहाव्या अंकाबद्दल एवढेच, की भुंगा तिथे तिसऱ्यांदा येतो. पहिल्या अंकात खरा भुंगा शकुंतलेला सतावतो आणि राजा त्याचा हेवा करतो. पाचव्यात हंसपदिका राजालाच भुंगा म्हणते. सहाव्यात राजा स्वतः काढलेल्या चित्रातल्या भुंग्याला खरा समजून धमकावतो. तो कोणाला धमकावतो आहे, हे नटाला कळले की पुरे.

सातव्या अंकात शकुंतला फार थोडे बोलते, म्हणून ते काम सोपे समजले जाते. मला ते सर्वांत अवघड वाटते. व्रतांनी कृश झालेली, विरहिणीची एकच वेणी घातलेली ती समोर येते आणि राजाला आधी ओळखतच नाही. पश्चात्तापाने तो इतका फिकटलेला आहे, की हा आर्यपुत्र दिसत नाही, असे तिच्या मनात येते. इथे ओळखू न शकणारी ती आहे, याकडे लक्ष द्या. त्या दोघांचा मुलगा तिला विचारतो, आई, हा कोण? ती म्हणते, 'बाळा, तुझ्या नशिबाला विचार.' राजा पाया पडतो, ती त्याला उठवते, आणि दोष स्वतःच्या पूर्वकर्मावर घेते. इथे 'आर्यपुत्र' हा शब्द परत आला आहे. तरीही, राजा अंगठी तिच्या बोटात घालू पाहतो, तेव्हा ती म्हणते, 'ण से विस्ससामि', माझा तिच्यावर विश्वास नाही, आर्यपुत्रांनीच ती घालावी. वाक्य अंगठीबद्दल आहे. ते राजाकडे न पाहता, अंगठीकडे पाहूनच म्हणावे. दुष्यंताने मात्र तिच्याकडे पाहावे.

यानंतर मारीच ऋषी शापाची हकीकत सांगतात. आर्यपुत्रांनी मला विनाकारण टाकले नव्हते, एवढे बरे झाले, असे ती स्वतःशी म्हणते, आणि पुढे म्हणते, 'न पुनः शप्तमात्मानं स्मरामि', पण मला शाप मिळाल्याचे मला आठवत नाही. पाचव्या अंकात राजाने 'स्मरामि न' म्हणून जिला परत पाठवले, तिच्याच तोंडी आता हे क्रियापद आहे. तुमच्या मराठी रूपांतरात या दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द वापरले असतील, एकीकडे 'स्मरत नाही' आणि दुसरीकडे 'ठाऊक नाही' असे काही, तर तालमीआधी ते बदलून दोन्हीकडे 'आठवत नाही' करून घ्या.